मागच्या सीटची हजेरी

भुजंग सोनकांबळेला उन्हाची भीती नव्हती, खड्ड्यांची नव्हती, समोरून अंगावर येणाऱ्या उसाच्या ट्रकचीही नव्हती. त्याला भीती वाटायची ती मागच्या सीटवर पडलेल्या शांततेची.

मुखेडच्या स्टँडबाहेर त्याची पांढरी डबल केबिन पिकअप उभी असायची. पुढं ड्रायव्हर आणि एक जण, मागं तिघांची सीट, त्यामागं सामानाचा उघडा हौदा. गाडीत एसी होता, पण त्याच्या जाळ्या पुढंच. गार हवा पुढच्या दोघांच्या छातीवर आपटायची आणि तिथंच संपायची. मागची काच निम्मीच सरकायची. उघडली तर झळा, लावली तर भट्टी. आणि पुढची जागा मानाची. कर्ता पुरुष पुढं. बायका, म्हातारे, आजारी मागं. हे कुणी ठरवत नव्हतं. दारं उघडली की आपोआप व्हायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्याची आई सरजाबाई अशीच मागं बसली होती. बिलोलीहून नांदेडला, डोळे दाखवायला. शेजारी मावशी, कोंडाबाई. पुढं वाटेत घेतलेलं गिऱ्हाईक. भुजंग अधूनमधून विचारत होता.

"आये, बरी हाय का?"

"हाव."

थोड्या वेळानं पुन्हा, "आये?"

उत्तर मावशीनं दिलं. "झोपली की रे. झोपू दे जरा."

भुजंगाला उलट बरंच वाटलं. आईची झोप मोडू नये म्हणून त्यानं रेडिओ बंद केला. नांदेडला दार उघडलं, तर आईचं अंग तव्यासारखं तापलेलं आणि कपाळावर घामाचा टिपूस नाही. सरजाबाई त्यानंतर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

गिऱ्हाइकाला उतरवून आईला पुढं का घेतलं नाही, हे त्याला कुणी विचारलं नाही. तोच स्वतःला विचारत राहिला.

त्यानंतर त्यानं मागची सीट गार ठेवण्याचा ध्यासच घेतला. आधी टपावर गोणपाट बांधलं आणि ते दर दहा-वीस कोसांवर भिजवायला लागला. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले. पण २०१६ च्या उन्हाळ्यात हापसे कोरडे पडले, टँकर आठवड्यातनं एकदा यायला लागला. एके दिवशी तो टपावर तांब्या ओतत होता, तर घागरींच्या रांगेतून शेजारची शरणम्मा ओरडली, "अगं बाई! माणसाला प्यायाला न्हाई, आन् ह्यो गाडीला न्हाऊ घालून राहिला! साबण पण लाव की रे, भुजंगा!"

बायका हसल्या. भुजंगानं तांब्या खाली ठेवला तो ठेवलाच.

मग त्याच्या बायकोनं, चांगुणानं, तोड काढली. त्याच्या जुन्या पायजम्याचा एक पाय कापला, दुसऱ्याला जोडला, आत तारेची कडी घालून शिवली. झाली लांबलचक नळी. तिचं एक तोंड रबरानं एसीच्या जाळीला, दुसरं दोन सीटांच्या मधून मागं.

"सासूबाई असत्या तर म्हनल्या असत्या, पोराचा पायजमा कामाला आला," चांगुणा म्हणाली. भुजंग हसला नाही. मागच्या सीटवर बसून त्यानं तोंडावर हवा घेतली, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ उतरलाच नाही.

पण नुसत्या नळीवर त्याचा भरवसा नव्हता. त्यानं एक नियम केला. किलोमीटरचा दगड आला की तो हाक मारणार, आणि मागं बसलेल्या प्रत्येकानं आपापल्या तोंडानं ओ द्यायची. लोक चिडवायचे. "काय रे, शाळा हाय का?" तो म्हणायचा, "हाव, शाळाच समजा. पर बोला."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बापूसाहेब देशपांड्यांचा निरोप आला. सुनेला, सौदामिनीला, आठवा महिना. लातूरच्या डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितलेलं. मुलगा अवधूत लातूरला नोकरीत, तो तिकडं वाट बघणार. लातुरात पाण्याचा ठणठणाट, म्हणून अवधूतच्या खोलीसाठी वीस-वीस लिटरचे दोन कॅनही न्यायचे.

बापूसाहेब म्हणजे भुजंगाचे हेडमास्तर. सातवीत असताना त्यानं एकदा गैरहजर मारोतीच्या नावाला स्वतःच "हजर" म्हटलं होतं. गुरुजींनी हजेरीपटातून मान वर न करता विचारलं होतं, "मारोतीचा आवाज भुजंगाच्या नरड्यातून कसा काय आला?" आणि मग दोन तास अंगठे धरून उभं केलं होतं. आज भुजंगाचे केस पिकले होते, तरी गुरुजी समोर आले की पाठ आपोआप वाकायची.

निघायला अकरा वाजले. कॅन हौद्यात घोंगडीखाली गेले. गुरुजी पुढं बसले. मागं सौदामिनी आणि तिची सासू चंद्रप्रभाबाई.

"हे काय सोंग?" गुरुजींनी नळीला बोट लावलं.

"मागं हवा जाती, गुरुजी."

"पायजमा आहे हा!"

"धुतलेला हाय जी."

मागं सौदामिनी फिसकन हसली. भुजंगानं तेवढ्यात नियमही सांगून टाकला. गुरुजींच्या भुवया चढल्या. "सुनेनं दर दगडाला ओरडायचं? तिला विश्रांती सांगितलीय. चंद्रप्रभा, तू दे गं उत्तर, दोघींचं मिळून."

"बरं," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

'न्हाई जी, आपापल्या तोंडानं' हे शब्द भुजंगाच्या अगदी जिभेवर आले आणि तिथंच बसले.

जांब गावापर्यंत ठीक चाललं. "काकू?" "आहोत रे." पुढचा दगड. "काकू?" "आहोत." जांबच्या पुढं नळी गुरुजींच्या कानाशी फडफडायला लागली. त्यांनी दोनदा झटकली, तिसऱ्यांदा रबर ओढून सोडवली आणि सीटखाली सारली. "हवा काय, आपोआप जाते मागं."

भुजंगानं त्यांच्याकडं पाहिलं. ते पेपर उघडत होते. भुजंग पुन्हा रस्त्याकडं बघायला लागला.

"उदगीर जिल्हा होणार म्हणतात," गुरुजी रंगात आले. "आपलं मुखेडही तिकडं घालतील. मग मोठं हॉस्पिटल जवळ. ही धावपळ नको. लातूर जिल्हा झाला तेव्हा मी रेणापूरला होतो. काय मिरवणूक, काय गुलाल! तुला काय वाटतं?"

"हाव जी."

"हाव काय? ऐकतोयस का?"

भुजंग ऐकतच होता, पण मागचं. आरशात त्याला चंद्रप्रभाबाईंचा अर्धा चेहरा दिसत होता, पदरानं वारा घेणारा. सौदामिनी दिसत नव्हती. मघाशी खड्डा आला की तिच्या बांगड्या वाजायच्या. आता खड्डे येत होते. बांगड्या वाजत नव्हत्या.

"काकू?"

"आहोत."

एकच आवाज. दोन माणसं आणि आवाज एकच. भुजंगाला एकदम सातवीचा वर्ग आठवला.

"काकू, तुमी न्हाई. वैनीला बोलू द्या."

"झोपलीय रे ती. कशाला उठवतोस?"

झोपलीय.

भुजंगाचा पाय ब्रेकवर गेला. कॅन हौद्यात गडगडले. गुरुजींचा पेपर काचेवर आपटला. "अरे, काय करतोस काय!"

भुजंग मागं वळला होता. आयुष्यात कधी मोठ्या घरच्या सुनेला त्यानं नावानं हाक मारली नव्हती. तिच्या सासऱ्यासमोर तर नाहीच. त्यानं मारली. वर्गात मारतात तशी, मोठ्यानं.

"सौदामिनी देशपांडे!"

काही नाही.

"सौदामिनी देशपांडे! हजर म्हना! हजर म्हना, वैनी!"

ती दाराला टेकून बसली होती, तोंड लालबुंद, ओठ सुकलेले. चंद्रप्रभाबाईंनी तिच्या हाताला हात लावला आणि चटका बसावा तसा मागं घेतला. "अगं बाई! अहो, हिचं अंग बघा!"

तोवर भुजंगानं खाली उतरून पुढचं दार उघडलं होतं.

"उतरा, गुरुजी."

"मी?"

"उतरा म्हनतो ना! मागं बसा. वैनीला फुडं घ्यायचंय."

ज्यांच्यापुढं तो अंगठे धरून उभा राहिला होता, त्यांना त्यानं दंडाला धरून उतरवलं. पुढची सीट पार मागं पाडली. तिघांनी मिळून सौदामिनीला उचललं, डाव्या कुशीवर टेकवलं. भुजंगानं हौद्यातून एक कॅन ओढला.

"अवधूतचं पाणी..." गुरुजींच्या तोंडून निघून गेलं. लगेच त्यांनीच दुसरा कॅन ओढायला हात घातला.

"पाजू नका, काकू. शुद्ध न्हाई, ठसका लागंल. मानेवर वता, काखंत वता, सगळं लुगडं भिजवा." पाणी कोमट झालेलं, पण ओल्या कापडावर वारा लागला की गारवा येतो, हे त्याला वर्षभराच्या गोणपाटानं शिकवलं होतं. त्यानं सीटखालून नळी उपसली, जाळीला अडकवली, तोंड तिच्या मानेशी धरायला चंद्रप्रभाबाईंच्या हातात दिलं. एसी पूर्ण सोडला आणि गाडी वाटेतल्या चाकूरच्या दवाखान्याकडं काढली.

पहिला दगड गेला. आईच्या वेळी रेडिओ बंद केल्यावर जी शांतता झाली होती, तीच आता गाडीत होती.

मागून गुरुजी बोलले. घसा खाकरून, हजेरीच्या सुरात. "सौदामिनी अवधूत देशपांडे."

दुसरा दगड. "सौदामिनी अवधूत देशपांडे."

चंद्रप्रभाबाई रडत होत्या. भुजंग रस्त्यावरची नजर काढत नव्हता, कारण शेजारी बघायची त्याची छाती नव्हती. तिसरा दगड गेला, चौथा गेला. पाचव्या दगडाला गुरुजींनी नाव घेतलं आणि बांगडी वाजली. अगदी हळू, एकदाच.

"...हजर," कुणीतरी पुटपुटलं.

"मोठ्यानं!" गुरुजी ओरडले. "मोठ्यानं म्हण, पोरी!"

"हजर."

चाकूरला सलाईन लावलं. नर्सनं पोटावर नळकांडं लावून कान दिला, जागा बदलली, पुन्हा दिला. भुजंग दाराबाहेर भिंतीला धरून उभा होता. "ठोके आहेत," ती म्हणाली. "थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं." संध्याकाळी त्यांनी तिला लातूरला पोहोचवलं. कॅन दोन्ही रिकामे होते. अवधूतनं पाण्याचं विचारलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी गुरुजींना परत आणायला भुजंग लातूरला गेला. सौदामिनी दवाखान्यातच होती, चंद्रप्रभाबाई तिच्यापाशी. गुरुजी एकटेच आले. भुजंगानं पुढचं दार उघडून धरलं. गुरुजींनी त्याच्याकडं पाहिलं, मग मागचं दार स्वतःच उघडलं आणि आत बसले.

"गुरुजी, फुडं बसा की. मागं तापतंय."

"तुझा पायजमा आहे ना? चल."

ऊन कमी झालं नव्हतं. आभाळ कोरडं होतं. चाकूर मागं पडलं, गुरुजी बोलेनासे झाले. दगड दिसला. गुरुजींचं नाव कसं घ्यायचं?

"बापूसाहेब... देशपांडे गुरुजी?"

उत्तर येईना, तसा भुजंगानं ब्रेक दाबला.

"हजर," मागून आवाज आला. "पेंगलो होतो रे जरासा. गाडी का थांबवलीस?"

भुजंगानं ब्रेकवरचा पाय उचलला.

"काय न्हाई जी," तो म्हणाला. "बोलत ऱ्हावा."