पट्टे न बघता केलेली सही

टेलिप्रिंटरची एकच अट असते: दोन्ही टोकांची मशीनं एका वेगानं पळाली पाहिजेत. सोलापुरातल्या आमच्या तार ऑफिसातलं मशीन जरा पुढे धावलं, की पुण्याला अक्षरांची खिचडी उमटायची. म्हणून रोज सकाळी मोटरच्या चाकावरचे काळे-पांढरे पट्टे ट्यूनिंग फोर्कच्या, म्हणजे ठोकला की ठरावीक वेगानं थरथरणाऱ्या चिमट्याच्या, फटीतून बघायचे. पट्टे थांबलेले दिसले तर वेग बरोबर, सरकताना दिसले तर स्क्रू पिळायचा. मग रजिस्टरात सही.

हे सगळं मला अण्णांनी शिकवलं. ऑफिसातले ते सगळ्यांत जुने मेकॅनिक. त्यांचा भाचा आणि मी, दोघेही टेम्पररी, आणि कायम व्हायची जागा एकच. तरी शिकवताना अण्णांनी हातचं राखून ठेवलं नाही. मी त्यांना बापाच्या ठिकाणी मानायचो. मूर्ख होतो, दुसरं काय.

आमच्यात एक रीत पडली होती. फोर्क एकानं धरायचा, सही दुसऱ्यानं करायची, म्हणजे साहेबांना वाटावं दोघंही कामाला लागलेत. त्या सकाळी अण्णा म्हणाले, "मी बगितलंय, पट्टं गप हायत. तू सही कर की." मी केली. त्यांच्यामागून पुन्हा तपासायचं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा, असं मला वाटायचं.

तासाभरात पुण्याची ओरड आली. एकही तार वाचता येत नव्हती. साहेबांनी रजिस्टर उघडून अण्णांना विचारलं. मी निवांत होतो, आता अण्णा सांगतील म्हणून.

"मला काय म्हाईत साहेब," अण्णा म्हणाले, "सही कुणाची हाय ती बगा की."

स्क्रू त्यांनी मुद्दाम ढिला केला, असं मी म्हणत नाही. स्क्रू ढिले होतातच. पण ते वाक्य बोलताना अण्णा जरासुद्धा अडखळले नाहीत, आणि मला तेच अजून झोंबतं.

महिन्याभरात भाचा कायम झाला आणि माझी नोकरी गेली. त्या रविवारी अण्णा सोलापुरातल्याच शुक्रवार पेठेतल्या आमच्या खोलीवर पेढे घेऊन आले. नोकरी कुणामुळे गेली, हे मी आईला सांगितलं नव्हतं. तिनं त्यांना चहा दिला. म्हणाली, "माज्या पोरासाटी तुमी लई केलं." अण्णांनी मान डोलावली आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो खाल्ला. आईसमोर मी तोंड उघडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ते आले होते.