मापाचा हात

लखनौच्या इंदिरा नगरात अरुणाताई सोहोनींना लोक दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक त्यांचा गोडा मसाला आणि दुसरी त्यांची जीभ. दोन्ही वाईहून आलेल्या आणि दोन्ही अजून तेज. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा भाजीवाल्याशी हिंदीत भांडता येत नाही म्हणून त्या घरी येऊन रडल्या होत्या. आता भाजीवालाच "आंटीजी, जो मन हो दे दीजिए" म्हणत हात जोडतो.

त्यांचे यजमान भास्करराव वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या संस्थेत शास्त्रज्ञ होते. विषय दगडफूल. हो, तेच आपलं मसाल्यातलं. झाडांच्या सालींवर आणि खडकांवर ते केवढ्या तऱ्हांनी उगवतं, यात त्यांचा जन्म गेला. "जन्मभर ह्यांनी मसाल्यातला एक जिन्नस अभ्यासला, आणि मसाला कुटला मी," असं अरुणाताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

आता तिसरी गोष्ट, जी कॉलनीत कुणालाच ठाऊक नव्हती. अरुणाताईंना डॉ. निगार रिझवींचा मत्सर वाटे. नुसता नाही, चांगला जळजळीत.

निगार भास्कररावांची विद्यार्थिनी म्हणून आली, पुढे सहकारी झाली आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांच्याच खुर्चीत बसली. सिक्कीम, मुन्नार, मुनस्यारी, जिथे जिथे दौरे निघाले तिथे ती गेली. इकडे अरुणाताई लेकीची शाळा आणि सासूबाईंची औषधं सांभाळत राहिल्या. भास्करराव सज्जन, निगारही सज्जन. पण दुसऱ्याच्या सज्जनपणाने कुणाच्या पोटातलं दुखणं थांबलं आहे? "डोंगर तिने पाहिले, डबे मी भरले," हे वाक्य मात्र त्यांनी कुणालाच कधी ऐकवलं नाही. ते आत राहिलं आणि आंबलं.

सहली त्यांच्याही झाल्या, नाही कशाला म्हणा. पण त्या सहलींचे फोटो बघावेत! शास्त्रज्ञ माणूस फोटो काढताना शेजारी काहीतरी ओळखीचं ठेवतो, म्हणजे बघणाऱ्याला मूळ वस्तू केवढी ते कळतं. कुणी पट्टी ठेवतं, कुणी नाणं. भास्करराव बायकोचा हात ठेवत. "अगं, जरा इथे हात धर. हं, बोटं पसर." की झालं. पचमढीला गेल्या तर खडक आणि हात, नैनितालला गेल्या तर झाडाची साल आणि हात. निगार मात्र दौऱ्यांच्या ग्रुप फोटोंत नखशिखान्त, ओढणी वाऱ्यावर, बत्तीशी उघडी. एकीला चेहरा आणि दुसरीला पाच बोटं. यावर कुणाच्या अंगाचा तिळपापड होणार नाही?

यंदा मराठी मंडळाने गणपतीत प्रदर्शन ठरवलं: प्रत्येक घराने आपल्या प्रवासातले लाडके फोटो द्यायचे आणि त्यामागची आठवण सांगायची. त्यातला सर्वांत लाडका असेल तो मोठा करून मांडवात लावायचा. भास्कररावांना उत्साह आला. अरुणाताईंनाही आला, पण त्यांनी तो दाखवला नाही. या माणसाने आपण होऊन, कुणी न सांगता, बायकोचा एक फोटो निवडावा, एवढंच त्यांना हवं होतं. आयुष्यात एकदा.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर फोटोंचा ढीग पडला. लेक मुक्ता लॅपटॉप घेऊन बसली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. अरुणाताईंनी हळूच ताजमहालासमोरचा दोघांचा फोटो वर सरकवला. मोतिया रंगाची साडी, केसांत गजरा, चेहरा अगदी स्वच्छ.

भास्कररावांनी तो पाहिला. "छान आहे," म्हणाले आणि बाजूला ठेवला. "पण आग्र्याला आपण चार तास होतो. त्यात आठवण काय सांगणार?"

अरुणाताई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि विनाकारण ओटा पुसून आल्या.

तेवढ्यात निगार आली. संस्थेच्या कपाटातल्या जुन्या फिल्मवरच्या स्लाइड तिने संगणकावर चढवल्या होत्या आणि त्यातले थोडे फोटो छापूनही आणले होते. "आदाब भाभी! मसाले की ख़ुशबू तो बाहर गेट तक आ रही है," ती म्हणाली. अरुणाताईंनी हसून पाणी दिलं. हसू किती मोजून द्यायचं याचा त्यांना चांगला सराव होता.

भास्करराव ते फोटो एकेक करून उलटू लागले आणि एकापाशी थांबले. बघतच राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हा," ते म्हणाले. "मोठा करायचा तो हाच. याच्याहून लाडका नाही."

अरुणाताईंनी वाकून पाहिलं. देवदाराचा बुंधा. त्यावर करड्या-हिरव्या रंगाचं दगडफूल. आणि त्याशेजारी एक हात. लांबसडक निमुळती बोटं, कोवळं मनगट. एकही बांगडी नाही. फक्त एक पुरुषी, चौकोनी घड्याळ.

ते घड्याळ त्यांनी ओळखलं. लग्नात त्यांच्या वडिलांनी जावयाला दिलेलं होतं ते.

अरुणाताईंच्या हातात लग्नाच्या दिवसापासून बांगड्या होत्या. बाळंतपणातसुद्धा त्यांनी काढल्या नव्हत्या. मग बिनबांगड्यांचा हात या घराशी संबंध असलेल्या कोणत्या बाईचा? त्यांनी समोर पाहिलं. चिकनकारी कुर्त्याच्या बाहीतून निगारचं मोकळं मनगट टेबलावर विसावलं होतं. इतकी वर्षं आंबलेलं सगळं एकदम वर आलं.

"लावा की," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण जीभ नाही. "मांडवात लावा, गणपतीशेजारी लावा! आणि आठवणही सांगा सगळ्यांना, की माझ्या बापाने दिलेलं घड्याळ तुम्ही कुणाच्या हातावर बांधलंत ते!" मग निगारकडे वळून, "हाथ बहुत सुंदर है आपका, निगारजी. देखिए, इतने सालों बाद भी साहब को याद है."

मुक्ता दचकली. "आई! क्या बोल रही हो?"

निगारला क्षणभर काहीच कळेना. मग कळलं, तशी ती कानापर्यंत लाल झाली. पण ती चिडली नाही. "भाभी," ती म्हणाली, "मेरा हाथ तो सर ने कभी लिया ही नहीं. पहले ही दौरे पर मैंने हाथ रखा था, तो बोले, हटाइए. जेब से सिक्का निकालकर रख दिया. कहने लगे, नाप एक ही होना चाहिए. हाथ होगा तो भाभी का, नहीं तो सिक्का."

"अगं, तो तुझाच हात आहे," भास्करराव म्हणाले. ते भांबावून गेले होते. "चक्राता. लग्नानंतरची पहिली सहल."

"माझा? आणि बांगड्या?"

"ऊन पडून चमकत होत्या, फोटो बिघडत होता. मी म्हटलं काढ. तू म्हणालीस, सवाष्णीने हात रिकामा ठेवायचा नसतो. रडकुंडीला आलीस. मग मी माझं घड्याळ तुझ्या हातावर बांधलं, म्हटलं, घे, आता नाही ना रिकामा? ती फिल्म संस्थेच्या कामाची होती, तिकडेच गेली. मी स्वतःच इतक्या वर्षांनी बघतोय."

अरुणाताईंना भांडण आठवलं. थंडी आठवली. यांच्या खिशात किणकिणणाऱ्या बांगड्या आठवल्या, आणि दिवसभर मनगटावरून खाली घसरणारं ते ढगळ घड्याळ.

"तुझी वीत माझ्या डोळ्यांत बसलीय," भास्करराव म्हणाले. "त्या फोटोंतलं प्रत्येक दगडफूल मी तिच्यावरूनच मापलं. दुसऱ्या कुणाचा हात मध्ये आला असता, तर माझं सगळं काम चुकलं असतं."

निगारने हलकेच फोटो अरुणाताईंपुढे सरकवला. अरुणाताईंनी आपला हात त्याच्याशेजारी ठेवला आणि बोटं पसरली. सांधे सुजलेले, मधलं बोट थोडं वाकडं, तेलाच्या चटक्याचा डाग, आणि काही केल्या निघणार नाहीत अशा घट्ट बांगड्या. फोटोतल्या पोरीचं मनगट मात्र कोवळं, त्यावर त्यांच्या बापाचं घड्याळ, आणि समोर त्यांचा नवरा डोळा कॅमेऱ्याला लावून फक्त तिच्याचकडे बघत असलेला. त्या पोरीचा अरुणाताईंना असा हेवा वाटला, की तसा निगारचाही कधी वाटला नव्हता. निगारला निदान चार शब्द सुनावता तरी येत होते.

"चहा टाकते," त्या उठत म्हणाल्या. "निगार, वरण-भात खाऊनच जा. और मसाला भी ले जाना, डिब्बा भरके." निगारजी म्हणायचं त्या विसरल्या होत्या, आणि निगारच्या ते लगेच ध्यानात आलं.

"मग हा फोटो लावायचा ना?" भास्कररावांनी भीतभीत विचारलं.

"लावा." दारापाशी थांबून अरुणाताईंनी मागे पाहिलं. "पण खाली नाव लिहायचं. दरवेळी दगडफुलाचं तेवढं लिहिता. या वेळी आधी माझं."