सत्यनारायणाचे खुंट

“नर्सरीवाल्यानं फसवलं म्हणा ना, मॅडम!” शोभाताई रडकुंडीला आल्या होत्या. मी कृषी खात्यातली, म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. अर्धापूरजवळ त्यांनी पहिल्यांदाच केळी लावली होती. बांधालगतच्या झाडांची पानं अरुंद, ताठ, शेंड्याला गच्च झालेली. हा बंची टॉप, विषाणूचा रोग. अशा झाडाला धड घड लागत नाही आणि त्यावर औषधही नाही. तो पसरवतो मावा, म्हणजे बुंध्याशी बसणारी बारीक काळपट कीड. रोगट झाडाचा रस प्यायला की मावा मरेपर्यंत रोग वाटत फिरतो.

रोपंच रोगट असती तर झाडं शेतभर विखुरलेली दिसली असती. इथं एकाच कोपऱ्यात कशी? तिथं केळीचे वाळके खुंट पडले होते.

“हे कुठले?”

“सत्यनारायणाचे. शेजारच्या माधवरावांनी दिले. पूजेचे खुंट उकिरड्यावर कसे टाकावे? म्हणून इथं ठेवले.”

माझं डोकंच फिरलं. दोन महिन्यांपूर्वी माधवरावांच्या केळीत हाच रोग निघाला, तेव्हा त्यांच्या शेतात उभं राहून मी बजावलं होतं, आधी फवारा, मावा मारा, मग झाडं उपटा आणि तिथंच पुरा. तडक त्यांना गाठलं.

“उपटले की सगळे!”

“पुरले का?”

“लहान, सरळ, पानं दाट. चौरंगाला लई शोभतेत. लोकं मागून राहिले, देवाच्या कामाला न्हाई कसं म्हणावं?”

“आणि फवारणी?”

“पूजेच्या झाडाला इख मारावं व्हय?”

“अहो, देवाच्या नावानं शेजारणीच्या घरी रोग धाडलात तुम्ही!” मी तोंडावर बोलले.

ऑफिसात साहेबांचं भलतंच. “रिपोर्टमध्ये कारण म्हणून हवामान लिहा. गावात वाद नको.” कमाल आहे! हवामान लिहिलं तर खुंट कुणाकुणाकडे गेले ते शोधणार कोण? मी खरं तेच लिहिलं. साहेब आठ दिवस बोलले नाहीत. बरं झालं, कामं उरकली.

माधवरावांना स्कूटीवर मागं बसवून घरोघर फिरवलं. खुंट नेलेली सात घरं निघाली. दोन ठिकाणी मावा केळीपर्यंत पोचला होता.

शोभाताईंची एकसष्ट झाडं गेली. फवारून झाल्यावर त्यांनी स्वतः कुदळ घेतली. बाकीची केळी वाचली.

नुसतं “उपटा” सांगून घरी यायचं नसतं, खड्ड्यावर माती पडेपर्यंत बांधावर बसायचं असतं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला हे कळलं, आणि त्यापायी झाडं उपटली शोभाताईंनी.