सगळ्याच कबरींवर मेंदी

मित्रहो, आज माझ्या चपलेचा अंगठा तुटला. सदर बाजारातल्या दुकानदारानं जन्मभराची हमी देऊन विकलेली ही चप्पल पारशिवनीपुढच्या, धरणासाठी उठवलेल्या एका ओसाड गावात वारली. क्लबच्या या फळ्यावर तिची शोकपूर्वक नोंद करतो.

मला तिथे नेलं आपल्या हमीदनं. ते त्याचं गाव. यंदा तिथे पाणी चढणार, म्हणून त्याला अम्मीच्या कबरीची मूठभर माती नव्या वस्तीतल्या कब्रस्तानात न्यायची होती.

घरांची दारं, छपरांवरचे कवेलू लोकांनी केव्हाच नेले. उरलं होतं कब्रस्तान, त्यात बोराटीचे काटे आणि माझा अनवाणी पाय.

"कोणती गा अम्मीची?"

"उशाशी मेंदी लावली होती नं, खूण म्हणून."

मी पाहिलं. प्रत्येक कबरीच्या उशाशी मेंदी! अख्ख्या गावानं खुणेसाठी मेंदीच लावली होती.

"काहून गा, एखाद्यानं तरी जास्वंद लावायची!"

"मले का माहीत, बाकीचेबी तेच लावून राहिले म्हणून?"

आम्ही उन्हात झुडपं पालथी घातली. शेवटी हमीद मटकन बसला. मग पिशवी उघडून म्हणाला, "सगळ्याइचीच चिमूट-चिमूट घेतो. अम्मी एकटी काहून जाईल? तिले शेजारपाजार लागते."

आता सांगा, अशा माणसावर चिडायचं तरी कसं?

गेल्या साली माझ्या बाबांना घाटावर नेताना यानं शेवटपर्यंत खांदा सोडला नव्हता. मी दुसरी चप्पलही काढली आणि पलीकडच्या टोकापासून माती घ्यायला लागलो.