मामीचा दुसरा पोळपाट

मामीकडे पोळपाट दोन. एकावर ती पोळ्या लाटायची आणि दुसऱ्यासमोर बसायची. हा दुसरा, पाय काढलेला, हॉलच्या भिंतीवर टांगलेला असे, तोही इतक्या खाली की मांडी घालून बसलं की बरोबर डोळ्यांसमोर यावा. त्यावर तिने मंडल रंगवलं होतं. कडेला निळ्या पाकळ्या, आत पिवळ्या, त्यांच्या आत छोट्या चौकटी आणि मध्यावर एक लाल ठिपका. मामाची वाळूजच्या कंपनीची बस गेली की मामी दार लोटून त्या ठिपक्याकडे बघत बसायची. बेल वाजवणाऱ्याने वाट बघावी, नाहीतर घरी जावं.

हे खूळ वेरूळहून आलं. विहारातल्या बायकांबरोबर ती लेणी बघायला गेली होती. तिथल्या तीन मजली लेण्यात भिंतीवर नऊ चौकटी कोरल्या आहेत, मधल्या चौकटीत बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व. बायका फोटो काढून पुढे गेल्या आणि मामी तिथंच फतकल मारून बसली. विहारात श्वासावर ध्यान शिकवत, ते तिला कधी जमलं नव्हतं. "श्वासाकडं ध्यान दिलं की मला दमच लागतो गं," ती सांगायची. "मला बघायला कायतरी पायजे. तिथं ते आठही जण मला मधात ढकलायलेत असं वाटलं." घरी येऊन तिने जुना पोळपाट काढला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून रंग आणले.

एकदा ती कन्नडला माहेरी गेली असताना मामाने पोळ्या करायचं मनावर घेतलं. नेहमीचा पोळपाट सापडेना, म्हणून या गृहस्थांनी भिंतीवरचा उतरवला आणि त्यावर बिनधास्त कणीक थापली. पहिलीच पोळी निळी निघाली, आणि त्यांनी ती खाल्लीसुद्धा. मामी परत आली, खरवडलेल्या पाकळ्या बघितल्या आणि म्हणाली, "पाकळ्या खाल्ल्या तर खाल्ल्या. ठिपका ठिवला, लई उपकार." दुसऱ्या दिवशी तिने त्या पुन्हा रंगवल्या.

माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा आईने मला मामीकडे धाडलं. मामीने काही विचारलं नाही. सकाळी शेजारी सतरंजी टाकली आणि बसवलं. माझे डोळे ठिपक्यावर आणि डोकं त्या माणसाशी भांडण्यात गुंतलेलं. मी चिडून उठायला लागले की ती गुडघ्यावर हात ठेवायची. "मन भटकलं? भटकू दे. रागवायचं नाय त्याला. कडेच्या पाकळीपासनं एकेक आत यायचं. ठिपका कुठं पळून चाललाय व्हय?" त्या घरात मी पुन्हा जेवायला लागले, झोपायला लागले. मामी नसती तर माझं काय झालं असतं, हा विचारही मला नको वाटतो.

पण ठिपका पळाला. मी आईकडे परतल्यावर एका सकाळी तिचा फोन आला, "पाकळ्या दिसायल्यात गं, मधातच धुरकट झालंय." डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा मध्यभागी झिजलाय. कडेचं दिसत राहील, मधलं परत येणार नाही. घरी आल्यावर मामीने पोळपाट उतरवून कपाटामागे सरकवला. "ठिपक्याचं काय नाय," ती म्हणाली, "पण माणसाचं तोंडबी मधातच असतंय ना. तुझ्याकडं बघितलं, तर तुला तोंडच नाय." मला रडू आवरेना. तीच मला पाणी द्यायला उठली.

पुढच्या खेपेला गेले तर पोळपाट भिंतीवर परत आलेला. मामी त्याच्यासमोर, पण मान जरा तिरकी. "ठिपक्याकडं नीट बघितलं की जातो बघ," ती सांगू लागली. "मग म्हटलं जाऊ दे, नाय बघत तुझ्याकडं. कडेच्या पाकळीवर नजर ठिवली, तर बाजूनं हळूच आला. लई पुसट, पण आला." मग माझ्याकडे वळली आणि माझ्या कानापलीकडे, खिडकीच्या गजांकडे बघत राहिली. मी मागे वळून बघितलं, खिडकीत कुणीच नव्हतं. "हालू नको," ती म्हणाली. "आत्ता दिसलीस. किती वाळलीस गं."

गेल्या महिन्यात मी नोकरीसाठी पुण्याला निघाले. मामी फाटकापर्यंत आली, हाताला पोळी-चटणीचा डबा दिला, "जपून जा" म्हणाली आणि शेजारच्या गच्चीवरच्या टाकीकडे तोंड करून उभी राहिली. रिक्षावाल्याने बॅग ठेवता ठेवता हळूच विचारलं, "क्या हुआ ताई, खाला नाराज है क्या? तुमको देखतेच नैं."

मी आवाज न करता नुसता हात वर केला. टाकीवरची नजर न हलवता मामीनेही हात वर केला.

"नाही भाऊ," मी म्हणाले, "ती मलाच बघतेय."