सोनेरी होडीखालचे चेहरे

नव्या फ्लेक्सला एक उग्र वास असतो. रंगाचा म्हणावा तर रंगाचा नाही, प्लॅस्टिकचा म्हणावा तर तेवढा साधाही नाही. ऊन चढू लागलं की तो नाकातून थेट डोक्यात जातो, आणि वारा सुटला की त्याच्या जोडीला फडफड येते, बांबूंना जखडलेलं एखादं मोठं पाखरू सुटायला धडपडत असल्यासारखी. कल्याण-डोंबिवलीकडे राहणाऱ्याला हा वास वेगळा सांगायला नको. आमच्याकडे वाढदिवस, निवड, नवं दुकान, दहावीचा निकाल, कुणाच्या लाडक्या कुत्र्याचं पहिलं वर्ष, प्रत्येक आनंदाला फ्लेक्स लागतो. वर एक मोठा हसरा चेहरा आणि खाली ओळीनं शुभेच्छुकांचे छोटे छोटे चेहरे. मी या प्रकाराला आयुष्यभर नाकं मुरडत आले. आणि गेल्या फाल्गुनात, रिक्षा स्टँडमागच्या फ्लेक्सवर, त्या छोट्या चेहऱ्यांत मला माझाच चेहरा दिसला तेव्हा, खोटं कशाला सांगू, मनातून गुदगुल्या झाल्या.

आनंद आमच्या क्लबचा होता. आमचा म्हणजे कुणाचा, असं विचाराल तर उत्तर अवघड आहे. तो फुटबॉल क्लब ज्या परदेशी शहराचा, ते शहर आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नाही. तिथल्या धुक्याची, पावसाळी आकाशाची आणि ओल्या हिरव्या मैदानाची ओळख आम्हाला झाली ती दामूशेठच्या गच्चीवर. दामूशेठ इथले मूळचे. बापजाद्यांची भातखाचरं होती तिथे आता त्यांचीच इमारत उभी आहे, आणि तिच्या गच्चीवर पत्र्याच्या छपराखाली दर शनिवारी संध्याकाळी पांढरा पडदा लागतो. ज्याला आपण कधी भेटणार नाही, ज्याला आपलं अस्तित्वही ठाऊक नाही, अशा कशावर तरी माणूस इतकं निरपेक्ष प्रेम कसं करू शकतो? देवाच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारत नाही, मग आम्हालाच का विचारावा?

मला या नादी लावलं सुमेधनं. तो, त्याचा थोरला भाऊ मिलिंद आणि त्यांची आई शकुंतलाबाई तेव्हा माझ्या शेजारच्या खोलीत राहत. ऑफसाइड म्हणजे काय ते त्यानं मला पोळपाटावर वाटाणे मांडून शिकवलं होतं, आणि समजलं नाही की तो तेच वाटाणे तोंडात टाकून पुन्हा नवे मांडायचा. गच्चीवरचा आमचा घोळका जमवला तोही त्यानंच. पुढे तो वायरमनच्या कामावर वाळवंटातल्या एका देशात गेला, आणि तिशी गाठायच्या आत लाकडी पेटीतून परत आला. कागदावर लिहिलं होतं, हृदय थांबलं; उन्हाचा उल्लेख नव्हता. पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे गेलो होतो. बुद्धाच्या मूर्तीशेजारी त्याची तसबीर ठेवली होती; तिकडूनच पाठवलेला फोटो, अंगात कामाचा शर्ट, आणि खिशावर कंपनीची खूण, वर्तुळात एक सोनेरी होडी. आम्ही त्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या, फुलं वाहिली. होडीकडे कोण कशाला बघेल?

काही वर्षांपूर्वी आमचा क्लब विकला गेला. नवा मालक त्याच वाळवंटी देशातला, अफाट श्रीमंत. त्याच्या येण्यानं खेळाडू आले, दिवस पालटले, आणि या फाल्गुनात अनेक वर्षांनी क्लबनं चषक जिंकला. दामूशेठना आनंद आवरेना. त्यांच्या लेखी उपकाराची फेड करायची रीत एकच. त्यांनी फोनवर मालकाचा ऐटदार फोटो शोधला, तो मागच्या भिंतीसकट फ्लेक्सच्या माथ्यावर चढवला, 'आमच्या लाडक्या मालकांचे हार्दिक आभार' असं लिहिलं, आणि खाली आम्हा सगळ्यांचे चेहरे लावले. सुमेधचाही लावला, जर्सी घातलेला, हसरा. त्याच्याशिवाय आपला फ्लेक्स पुरा कसा होणार, असं त्यांना वाटलं, आणि आम्हालाही ते इतकं योग्य वाटलं की डोळे भरून आले.

मिलिंद आता आईला घेऊन टिटवाळ्याला राहतो, पण शनिवारी गच्चीवर यायचा. शकुंतलाबाई एके सकाळी कल्याणला बाजाराला आल्या होत्या. भाजीची पिशवी घेऊन रिक्षा स्टँडपाशी आल्या आणि मान वर करून बघत राहिल्या. मी तिथेच होते. आधी त्यांना मुलगा दिसला, चेहरा उजळला. मग त्यांची नजर वर गेली, मालकाकडे नव्हे, त्याच्या मागच्या भिंतीकडे. भिंतीवर वर्तुळात सोनेरी होडी होती. त्यांनी माझा हात धरला आणि अगदी हळू विचारलं, "बाई, ही सुमेधच्या शर्टावरची होडी इथं कशी?"

मी पुन्हा वर पाहिलं. ज्या कंपनीच्या कामावर आमचा सुमेध गेला, ती या हसऱ्या माणसाची, आणि त्याच्या पायाशी आम्ही सुमेधलाच हार्दिक आभार मानायला उभं केलं होतं. धक्का म्हणजे काय असतं हे मी पुष्कळदा वाचलं आहे. प्रत्यक्षात त्यात काहीच घडत नाही. रिक्षावाले ओरडत राहतात, माणूस पिशवी या हातातून त्या हातात घेतो. शकुंतलाबाई स्टेशनकडे चालू लागल्या.

त्या शनिवारी गच्चीवर पडदा लागला, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. डोंबिवलीचा पराग, जो आमच्यात सगळ्यात जास्त वाचतो, म्हणाला, "अरे, असे पैसेवाले सगळीकडेच आहेत. एकेकाची कुंडली काढत बसलो ना, तर बघायला एक पण टीम उरणार नाही. आणि मालक काय आपण निवडलेला?" दामूशेठ खाली मान घालून बसले होते. "मना म्हाईत असतं तर मी लावला असता काय?" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग पराग चाचरत म्हणाला की ऊन तर तिकडे असतंच, माणूस उन्हानं गेला तर मालकानं मारला असं कसं म्हणायचं. तेव्हा मिलिंद उठला. "दुपारी काम बंद ठेवायचा नियम आहे तिकडे. ह्यांच्या साइटवर बंद नव्हतं. सुमेध फोनवर सांगायचा, दादा, डोकं फिरतंय रे. मी म्हणायचो, पाणी पी." मग तो थांबला आणि म्हणाला, "आई म्हणते, त्या लोकांत परत जाऊ नको. तुम्ही सांगा, मी तिला काय सांगू?"

मालक येण्याआधीपासून आम्ही या क्लबचे आहोत, हे खरं. खेळाडूंचा यात काय दोष, हेही खरं. पण खरं असलेलं सगळं तोंडावर म्हणता येतं का? आणि एवढा संताप आला असताना, पडद्यावर आमचा संघ मैदानात उतरला की छाती भरून येते, या लाचार छातीचं करायचं काय? मला माझा राग आला, आणि परागचा त्याहून जास्त, कारण तो जे बोलत होता ते थोड्या वेळापूर्वी माझ्याही मनात येऊन गेलं होतं. मिलिंद जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी दामूशेठ स्वतः शिडी लावून चढले. आपल्याकडे फ्लेक्स लावणारा कधी उतरवत नाही. तो वाऱ्यानं फाटतो किंवा पालिकेची माणसं नेतात. स्टँडवरची माणसं चकित होऊन बघत होती. दामूशेठनी तो जमिनीला लागू न देता गुंडाळला, आणि आम्ही दोघं टिटवाळ्याला गेलो. शकुंतलाबाईंनी दार उघडलं, या म्हणाल्या नाहीत. दामूशेठ दारातूनच म्हणाले, "वहिनी, चूक जाली. त्याचा चेहरा नीट कापून तुमाला देतो, बाकीचा जाळून टाकतो." त्या म्हणाल्या, "आधी उघडा तो." खोली लहान, फ्लेक्स मोठा. आम्ही उलगडला तेव्हा आमचे चेहरे तेवढे खोलीत मावले, आणि मालक उंबऱ्याबाहेर, शेजाऱ्यांच्या चपला असतात त्या पॅसेजमध्ये गेला.

शकुंतलाबाई बराच वेळ मुलाच्या गालाशी हात ठेवून बसल्या. मग शिलाईची कात्री घेऊन आल्या. दामूशेठ पुढे सरसावले तेव्हा त्यांनी हातानंच थांबवलं. "त्याला एकट्याला कापू नका, शेठ. तिकडं तो एकटाच होता. इथं तुमच्यात हाय, तर तुमच्यातच राहू द्या." आणि त्यांनी उंबऱ्याच्या रेषेवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सरळ कात्री चालवली. मी दुसरं टोक ताणून धरलं. कापून झाल्यावर त्यांनी त्या पट्टीची कड दुमडून शिवून दिली, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या मिलिंदला म्हणाल्या, शनिवारी जात जा.

आता ती चेहऱ्यांची पट्टी गच्चीच्या भिंतीवर असते. कड शिवल्यामुळे ती फडफडत नाही, उन्हात तापली की वास मात्र अजून येतो. गेल्या शनिवारी मिलिंद तिच्याखाली बसला होता, जर्सी नव्हती, साधा पांढरा शर्ट. आम्ही बघायचं सोडलेलं नाही. सोडायला हवं होतं की नाही, मला खरंच सांगता येत नाही. पूर्वार्धात आमच्या संघानं गोल केला. सवयीनं माझं तोंड उघडलं, आणि आवाज न फुटताच मिटलं, कारण मिलिंद चेंडूकडे बघतच नव्हता. तो बघत होता तिकडे मी पाहिलं. मैदानाच्या चारी बाजूंना जाहिरातींच्या उजळ पाट्या सरकत होत्या, आणि त्यांच्यावरून एक सोनेरी होडी संथपणे मैदानाला फेरी घालत होती. मालक आल्यापासून दर शनिवारी ती तशीच फिरत असणार. आम्ही चेंडूकडे बघत होतो.