डाव्या हाताच्या रेघा

वहिनींनी आयुष्यभर हाडं काढली. म्हणजे चित्रं. डॉक्टरकीची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनाच्या चित्रशाळेत त्या विशीत लागल्या आणि केस पिकायला लागले तरी तिथेच होत्या. गुडघ्याची वाटी, मनगटाची हाडं, कानाच्या आतला शंख, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. इमारतीत लहानथोर त्यांना वहिनीच म्हणत, कारण त्यांचा धाकटा दीर वरच्या मजल्यावर राहायचा आणि जिन्यातून त्यानं मारलेली हाक बाकीच्यांनीही उचलली होती.

मग चित्रशाळा बंद झाली. साहेबांनी बोलावून सांगितलं की तुमच्या हाताला तोड नाही, पण आता हाताचं कामच उरलेलं नाही. वहिनींनी आपल्या पेन्सिली, खोडरबर आणि टेबलाखालचं पायपुसणं पिशवीत घातलं आणि घरी आल्या. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, त्यामुळे चूल बंद पडणार नव्हती. पण रिकाम्या हातांनी बसायची त्यांना सवय नव्हती. दुपारी डाळ निवडतानाही बोटं ताटात आकार काढत राहायची.

शिकायला परगावी असलेल्या लेकीनं फोनवर सुचवलं की नेटवर कितीतरी ठिकाणी घरबसल्या काम मिळतं, तिथे नाव नोंदव. तिनंच एक जुना ड्रॉइंग टॅब्लेटही पाठवून दिला. काचेसारख्या गुळगुळीत पाटीवर पेन फिरवायचं आणि रेघ उमटायची ती समोरच्या लॅपटॉपवर. पहिले काही आठवडे वहिनींना तो आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ वाटला. हळूहळू हात बसला.

काम मिळणं मात्र हात बसण्याइतकं सोपं नव्हतं. पहिल्या साइटनं कळवलं की या प्रकारचे कलाकार आमच्याकडे पुरेसे आहेत. दुसरीनं ओळखपत्राचा फोटो मागितला आणि प्रमाणपत्रावरचं माहेरचं आडनाव नि ओळखपत्रावरचं सासरचं आडनाव जुळेना म्हणून अर्ज परत पाठवला. तिसऱ्या ठिकाणी एक गोडबोल्या भेटला. आधी नमुन्यादाखल कवटीची चित्रं काढून द्या, मग मोठं काम देतो म्हणाला. वहिनींनी समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, अशी साग्रसंगीत कवटी काढून पाठवली. त्यानंतर गोडबोल्याचं खातंच दिसेनासं झालं.

दीर तेव्हा घरून टायपिंगची कामं करायचा. एका मोठ्या साइटवर त्याचं जुनं खातं होतं, चांगले शेरे होते, नावापुढे चांदण्या होत्या. एका रविवारी चहा पिताना तो सहज बोलून गेला, “वहिनी, माझ्या खात्यावरून टाकू या तुमची चित्रं. नाव माझं, हात तुमचा. कोण बघायला येतंय?”

नवऱ्यानं चहाची बशी खाली ठेवली. लोक असं करतात हे त्यानंही ऐकलं होतं, पण त्याला ते पटलं नाही. उसन्या पायांनी किती लांब जाणार, एवढंच तो म्हणाला. वहिनींनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जिना चढून वर गेल्या.

चित्रं टाकताच काम आलं. आधी एका दंतवैद्याचं, मग एका व्यायामशाळेचं, आणि नंतर एका डॉक्टरीणबाईंचं. या बाई हाताच्या शस्त्रक्रिया करायच्या. शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी त्या एक जाडजूड पुस्तक लिहीत होत्या. चाचणीचं म्हणून त्यांनी अंगठ्याच्या स्नायूंचं एक चित्र मागितलं. वहिनींनी जीव ओतून ते केलं. उत्तर आलं, असं काम मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही, सगळं पुस्तक तुम्हालाच द्यायचं मनात आहे. ‘तुम्हालाच’ म्हणजे अर्थातच दिराला. वहिनींनी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. आनंद झाला, आणि आनंदाच्या पाठोपाठ काहीतरी टोचलंही.

खाली एक ओळ आणखी होती. करार करण्याआधी एकदा व्हिडिओवर भेटू या.

तिथून घरातल्यांचा जीव टांगणीला लागला. दीर म्हणाला, काही नाही हो, मी बसतो कॅमेऱ्यासमोर, तुम्ही बाजूला बसून कागदावर उत्तरं लिहा, मी वाचतो. आणि काढून दाखवा म्हणाल्या तर, वहिनींनी विचारलं. तर टॅब्लेट तुमच्या मांडीवर, मी नुसता हात हलवीन. त्यांनी दोनदा तालीम केली. दुसऱ्या तालमीत दिराला मनगटाच्या हाडांची नावं म्हणता येईनात आणि दोघंही हसत सुटले. हसू ओसरल्यावर मात्र कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

भेट दुपारची ठरली. दिरानं इस्त्रीचा शर्ट घातला, खाली घरातली अर्धी चड्डी तशीच. स्वयंपाकघराच्या दारापाशी लावलेल्या टेबलासमोर तो बसला. वहिनी कॅमेऱ्यात येणार नाहीत पण पडदा दिसेल अशा बेतानं भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसल्या, मांडीवर टॅब्लेट. नवरा त्या दिवशी दुकानात गेला नव्हता. तो आतल्या खोलीत दार लोटून बसला होता. मधूनच त्याचं खाकरणं ऐकू यायचं.

डॉक्टरीणबाई पडद्यावर आल्या. बारीक चण, आखूड केस, आवाज शांत. त्यांनी आधी कामाची चौकशी केली, किती वर्षं काढताय, कुठे शिकलात. दीर वहिनींच्या कागदावरून उत्तरं देत राहिला. दोनदा अडखळला, पण निभावलं. मग बाईंनी अंगठ्याचं ते चित्र समोर उघडलं. एक स्नायूबंध त्यांना थोडा आत हवा होता. त्या म्हणाल्या, आत्ताच बदलून दाखवाल का, म्हणजे पुढे आपली भाषा जुळेल.

दिरानं आपल्या लॅपटॉपवरचं चित्र बाईंना दिसेल असं लावलं, उजव्या हातात एक साधं पेन धरलं आणि रिकाम्या टेबलावर हात हलवायला सुरुवात केली. खाली वहिनी रेघ ओढत होत्या. पडद्यावर स्नायूबंध हळूहळू आत सरकला, त्याच्याखाली सावलीच्या बारीक तिरप्या रेघा उमटायला लागल्या. बाई आता चित्राकडे पाहत नव्हत्या. त्या दिराच्या हाताकडे पाहत होत्या.

“जरा थांबा,” त्या म्हणाल्या. “या सावलीच्या रेघा डावखुऱ्या माणसाच्या आहेत. त्यांचा उतार उलटा आहे. तुम्ही तर उजव्या हातानं काढताय.”

दिराचा हात हवेतच राहिला. त्यानं खाली वहिनींकडे पाहिलं, आणि ते बाईंनीही पाहिलं. वहिनींना कळून चुकलं की आता कागदावर लिहून देण्यासारखं काही नाही. गुडघ्याला हात टेकत त्या उठल्या, दिराच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. डाव्या हातातलं पेन त्यांनी तसंच धरलेलं होतं.

“चित्रं मी काढते,” त्या म्हणाल्या. “हे माझे दीर. खातं यांचं आहे.”

आतल्या खोलीचं दार किंचित उघडलं. बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा घातला.

“चित्रं उत्तम आहेत,” त्या म्हणाल्या. “पण पुस्तकावर मी कोणाचं नाव घालणार होते?”

बाई चिडल्या नाहीत, ते वहिनींना जास्त लागलं. आमच्या संस्थेचे नियम आहेत, मला साइटला कळवावं लागेल, असं सांगून त्यांनी पडदा बंद केला.

आठवड्याच्या आत दिराचं खातं बंद झालं. चित्रांबरोबर त्याचं टायपिंगही गेलं, चांदण्या गेल्या, जोडलेली गिऱ्हाइकं गेली. जाऊ जिन्यात भेटली तेव्हा बोलली. तुमच्या हौसेपायी आमचं ताट ओढलं गेलं, म्हणाली. मूळ कल्पना कोणाची होती ते वहिनींच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. जिना चढून वर गेल्या होत्या त्या स्वतःच्याच पायांनी.

आता स्वतःच्या नावानं उभं राहणं भाग होतं. आडनावाचा गुंता त्यांनी कचेरीत खेटे घालून सोडवला आणि एका साइटवर नव्यानं अर्ज भरला, दिराच्या खात्यावर टाकली होती तीच चित्रं नमुने म्हणून जोडली. उत्तर आलं. ही चित्रं दुसऱ्या एका कलाकाराच्या नावावर आधी प्रसिद्ध झालेली आहेत, चोरलेलं काम आम्ही स्वीकारत नाही. त्या दुसऱ्या कलाकाराचं नाव म्हणजे दिराचंच. स्वतःच्याच हातच्या चित्रांच्या चोर ठरल्या होत्या त्या. दाद मागायला पाठवलेल्या प्रत्येक निरोपाला तेच ते छापील उत्तर आलं.

रविवारच्या त्या चहानंतर नवऱ्यानं आता पहिल्यांदा या प्रकरणात तोंड घातलं. म्हणाला, जुनं सोड, नवं काढ, आणि काढताना मी फोनवर चित्रीकरण करतो.

लेकीनं शोधून दिलेली एक लहानशी साइट होती, फक्त शास्त्रीय चित्रं काढणाऱ्यांची. तिथे पाठवायचं ठरलं. वहिनी कोऱ्या पडद्यासमोर बसल्या. नवरा त्यांच्या डोक्यावर फोन धरून उभा राहिला, श्वाससुद्धा बेतानं घेत. त्यांनी कोपर काढायला घेतलं. पहिली रेघ पुसली. दुसरीही पुसली. मग आपला डावा हात कोपरात दुमडून त्यांनी उजव्या हाताच्या बोटांनी हाडाचं टोक चाचपलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी हात थांबला नाही. शेवटी नवऱ्याचाच हात इतका अवघडला होता की त्याला फोन खाली ठेवता येईना.

त्या साइटवर अर्ज माणूस वाचायचा. त्या माणसानं एकच प्रश्न विचारला, तुमची चित्रं दुसऱ्याच्या नावावर कशी होती? वहिनींनी घडलं तसं लिहिलं. दिराला झाकलं नाही, स्वतःलाही नाही. पुढचे दिवस त्या फोन वाजला की दचकायच्या, आणि वाजला नाही तरी दचकायच्या. अखेर होकार आला. वर अट, की जुनं एकही चित्र इथे दिसता कामा नये.

आज त्या तिथे काम करतात. काम सलग नसतं. कधी आठवडा कोरडा जातो, कधी दोन गिऱ्हाइकं एकाच दिवशी घाई करतात. डॉक्टरीणबाईंचं पुस्तक दुसऱ्याच कोणाच्या चित्रांनी निघालं. नेटवर त्याची काही पानं वहिनींनी पाहिली. चित्रं चांगली होती, अंगठा जरा आखडलेला वाटला, पण ते त्या फक्त नवऱ्याजवळ बोलल्या. दीर एका इस्पितळाच्या कागदपत्रांच्या विभागात लागला. त्याच्या हाका जिन्यात पुन्हा ऐकू येतात, रविवारच्या चहाला मात्र तो अजून थांबत नाही.

परवा एका जनावरांच्या डॉक्टरचा निरोप आला. घोड्याच्या खुराची चित्रं हवी होती, आतल्या हाडांसकट. वहिनींनी आयुष्यात खूर काढला नव्हता. त्यांनी आधी हो कळवलं, आणि मग पदर खोचत नवऱ्याला विचारलं, “अहो, जवळपास घोडा कुठे बघायला मिळेल?”